सात कॉर्ड्स, एक उजवा हात आणि 'समर ऑफ सिक्स्टी नाइन'

गिटार हातात घेऊन महिना झाला नाही तोच कुणीतरी विचारतं, "समर ऑफ सिक्स्टी नाइन येतं का?" हॉस्टेलच्या गच्चीवर, ऑफिसच्या सहलीत, गणपतीनंतरच्या निवांत रात्री, कुठेही. ब्रायन ॲडम्सचं हे गाणं आपल्याकडे इतकं रुजलंय की इंग्रजी गाणी फारशी न ऐकणारेही शेवटची ओळ जोरात म्हणतात. तो स्वतः मुंबईत अनेकदा गाऊन गेलाय, अगदी २०१८ आणि २०२४ मध्येही. तेव्हा शिकायचंच असेल तर नीट शिकूया.

हा लेख ज्यांना डी, ए आणि जी या कॉर्ड्स निदान ओळखीच्या आहेत, पण सलग गाणं अजून एकही वाजत नाही, अशांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. इंटरनेटवर हे गाणं 'सोप्यात सोपं' म्हणून दाखवतात. कॉर्ड्स सोप्या आहेत हे खरं, पण नुसत्या कॉर्ड्स बरोबर वाजवल्या तर ते भजनी मंडळाच्या ठेक्यावर म्हटल्यासारखं सपाट होतं. या गाण्याची सगळी जान उजव्या हातात आहे: कुठे तारा दाबून धरायच्या आणि कुठे मोकळ्या सोडायच्या. त्यामुळे डाव्या हाताचं थोडक्यात आटोपून उजव्या हातावर आपण जास्त वेळ घालवणार आहोत.

वाजवण्याआधी ऐका

ॲडम्स आणि जिम व्हॅलन्स या दोघांनी मिळून हे गाणं लिहिलं. दोघेही कॅनडाचे. आधी त्याचं नाव 'बेस्ट डेज ऑफ माय लाइफ' असं होतं. 'रेकलेस' या अल्बममध्ये ते आलं आणि तो अल्बम ५ नोव्हेंबर १९८४ ला, ॲडम्सच्या पंचविसाव्या वाढदिवशी, बाजारात आला. सिंगल म्हणून ते १९८५ मध्ये निघालं आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं.

आता हिशोब करा. १९५९ चा जन्म म्हणजे १९६९ च्या उन्हाळ्यात ॲडम्स नऊ वर्षांचा. तेव्हा कुठला बँड आणि कुठली प्रेयसी! व्हॅलन्स मात्र १९५२ चा, म्हणजे ऐन सतराव्या वर्षात. आकड्यावरूनही दोघांचं एकमत नाही. ॲडम्सने नंतर मुलाखतींमधून त्या ६९ चा चावट अर्थ सांगितला, व्हॅलन्सच्या मते ते सरळ वर्षच आहे. कुणाचं खरं ते ठरवायची आपल्याला गरज नाही. मात्र एवढं लक्षात घ्या की पंचविशीच्या मुलाने 'गेले ते दिवस' असं गायलेलं हे गाणं आहे. ते म्हाताऱ्या आवाजात, उसासे टाकत म्हणू नका. त्यात घाई आणि जोर हवा.

हेडफोन लावून तीनदा ऐका. एकदा फक्त ड्रम्स, एकदा फक्त गिटार आणि शेवटी नुसती रचना. त्या तिसऱ्या वेळी कागदावर हे टिपून ठेवा:

पहिलं कडवं (दुप्पट लांबीचं) – ध्रुवपद – रिफ (सुट्या सुरांची गिटार) – दुसरं कडवं – ध्रुवपद – रिफ – मधला भाग – रिफ – तिसरं कडवं – ध्रुवपद – शेवट.

पहिलं कडवं दुप्पट लांब आहे, ही या गाण्यातली सगळ्यात नेहमीची फसगत. त्यात गिटार घेतली, बँड काढला, एकाने सोडला, दुसऱ्याचं लग्न झालं, असं सगळं येतं, म्हणून डी-एची फेरी दोनदा होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यात ती एकदाच आहे. सवयीने दुसऱ्यांदा डीवर गेलात की गाणारा ध्रुवपदात आणि तुम्ही मागेच.

पायरी १ : गिटार आणि तारा

मूळ ध्वनिमुद्रण इलेक्ट्रिक गिटारचं आहे, व्हँकुव्हरच्या लिटल माउंटन साउंड स्टुडिओत केलेलं. आपल्याला साधी स्टीलच्या तारांची अकूस्टिक पुरते. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार मात्र या गाण्याला शोभत नाही, कारण दाबलेल्या तारेचा तो 'टक टक' आवाज तिच्यातून नीट निघत नाही.

नवी घ्यायची असेल तर दुकानात जाऊन हातात धरून घ्या. मुंबईकरांना धोबीतलावचं १८६५ पासूनचं फुर्टाडोस माहीत असेलच. पुण्या-नाशकातही चांगली दुकानं आहेत. ब्रँडपेक्षा एकच गोष्ट बघा: बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार आणि लाकूड यांत अंतर किती आहे. तार फार उंच असेल तर बोटं दुखतील आणि तुम्हाला वाटेल की आपल्याला जमतच नाही. दुकानदाराला 'ॲक्शन कमी करून द्या' म्हणा. तारा ०.०१० किंवा ०.०११ च्या, म्हणजे हलक्या घ्या. पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, मध्यम जाडीचं, ०.७ मिलिमीटरच्या आसपासचं.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसायच्याच. नाहीतर गौरी येईपर्यंत त्या गंजून खरखरीत झालेल्या असतात.

ट्यूनिंग नेहमीचं. फोनवरचं कुठलंही ट्यूनर ॲप चालेल. रोज, वाजवण्याआधी.

आणि बोटांबद्दल. गाण्यातला मुलगा रक्त येईपर्यंत वाजवतो. तुम्ही तसं काही करू नका. टोकं हुळहुळायला लागली की थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. रोज वीस मिनिटं वाजवलंत तर काही आठवड्यांत कातडी घट्ट होते. डाव्या हाताची नखं मात्र अगदी कापलेली हवीत.

पायरी २ : डावा हात

खाली आकडे जाड तारेपासून बारीक तारेकडे लिहिले आहेत. × म्हणजे ती तार वाजवायची नाही, ० म्हणजे मोकळी, बाकीचे आकडे म्हणजे कितव्या फ्रेटला दाबायची ते. तारांचे क्रमांक मात्र उलटे: सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी.

डी : × × ० २ ३ २
ए : × ० २ २ २ ०
जी : ३ २ ० ० ० ३
छोटा बी मायनर : × × ४ ४ ३ २

डी आणि एमध्ये ये-जा सगळ्यात जास्त आहे, म्हणून एची बोटं जरा वेगळी ठेवा. चौथ्या तारेवर मधलं बोट, तिसऱ्या तारेवर तर्जनी, दुसऱ्या तारेवर अनामिका. आता डीवर जाताना तर्जनी जागची हलतच नाही. अनामिका त्याच तारेवर एक फ्रेट पुढे सरकते आणि मधलं बोट पहिल्या तारेवर जातं. तीन बोटं हवेत उचलून पुन्हा टाकण्याचा खटाटोप वाचतो.

बी मायनर म्हटलं की नवशिक्यांच्या पोटात गोळा येतो, कारण पुस्तकात तो पाच तारांवर आडवं बोट दाबून दाखवलेला असतो. चारच तारांचा छोटा आकार घ्या. पहिल्या तारेवर तर्जनी, दुसरीवर मधलं बोट, तिसरीवर करंगळी, चौथीवर अनामिका. जाड तारांना पिक लागू देऊ नका. या गाण्यात बी मायनर एका वेळी फक्त एक बार (चार मात्रा) टिकतो, तेवढ्यासाठी आडव्या बोटाची कुस्ती कशाला?

पायरी ३ : उजवा हात (इथे वेळ घाला)

गाण्याचा वेग मिनिटाला सुमारे १३९ मात्रा आहे. एका बारमध्ये चार मात्रा आणि आपण प्रत्येक मात्रेचे दोन भाग वाजवणार, म्हणजे बारमध्ये आठ ठोके. तबला शिकलेल्यांनी सरळ केरव्याच्या आठ मात्रा मोजाव्यात. फक्त जोर वेगळ्या जागी आहे. ड्रम्समध्ये स्नेअरचा, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमचा, फटका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. आपल्याला टाळी पहिलीवर द्यायची सवय, त्यामुळे आधी गिटार बाजूला ठेवून गाण्याबरोबर फक्त दुसरी आणि चौथी मात्रा टाळीने द्या. हे जमल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता तारा दाबायचं तंत्र, ज्याला गिटारवाले पाम म्यूट म्हणतात. उजव्या तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे गिटारच्या पोटावर संपतात तिथे टेकवा. कड किंचित तारांवर यायला हवी. फार पुढे गेलात तर सूर मरतो आणि नुसता 'थड थड' आवाज येतो. फार मागे राहिलात तर तार मोकळी गुंजते. मधे एक जागा सापडते जिथे सूर ओळखू येतो पण लगेच आटोपतो. ती जागा प्रत्येक गिटारवर थोडी वेगळी असते, ती शोधावीच लागते.

कडवी अशी वाजवा. पूर्ण डी आणि ए न धरता त्यांची उघडीबोडकी रूपं घ्या:

डी : × × ० २ ३ ×
ए : × ० २ २ × ×

यांना पॉवर कॉर्ड म्हणतात. हार्मोनियम वाजवणाऱ्याला एका वाक्यात समजेल: यात सा, प आणि वरचा सा एवढंच आहे, गंधार नाही. गंधार नाही म्हणजे कॉर्ड खुशीची की उदास, ते कळत नाही. ती नुसती ताण धरून उभी राहते. तळवा टेकवून, फक्त खालच्या दिशेने, बारमध्ये आठ ठोके द्या. डीचे चार बार, मग एचे चार बार. गाण्याच्या भाषेत सांगायचं तर दोन ओळी डीवर, दोन ओळी एवर.

मेट्रोनोम (ठराविक वेगाने टिकटिक करणारं यंत्र किंवा ॲप) ७० वर लावा. हात मनगटातून हलला पाहिजे, कोपरातून नको. एक अख्खं कडवं न अडखळता गेलं की पाचने वाढवा. १३९ ला खाली-खाली आठ ठोके म्हणजे मिनिटाला पावणेतीनशेच्या वर फटके होतात. हात भरून येणारच. खांदा वर चढतोय का बघत राहा, चढला की थांबून हात झटका. ११० च्या पुढे जमेना तर खाली-वर असं आलटून पालटून वाजवलंत तरी बिघडत नाही, पण वरचा फटका खालच्याइतकाच दाबलेला यायला हवा.

मग ध्रुवपद. इथे तळवा उचला आणि पूर्ण कॉर्ड मोकळी वाजू द्या:

बी मायनर | ए | डी | जी
बी मायनर | ए | डी | जी
बी मायनर | ए | आणि डीवर उतरा

प्रत्येकी एक बार. ठेका साधा ठेवा: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. कडव्यात दडवलेला गंधार इथे पहिल्यांदा ऐकू येतो. डीच्या पहिल्या तारेवरची दुसऱ्या फ्रेटची नोट म्हणजे तोच. 'ते दिवस किती चांगले होते' हे शब्द येण्याच्या आतच गिटारने ते सांगून टाकलेलं असतं. म्हणून कडव्यातच सगळा जोर लावून मोकळ्या कॉर्ड्स झोडू नका. बहुतेक कॉलेज बँड नेमके हेच करतात आणि मग ध्रुवपदाला वर जायला जागाच उरत नाही.

पायरी ४ : रिफ

ध्रुवपदानंतर सुटे सूर खुडल्यासारखी गिटार येते, तो भाग. कीथ स्कॉट या ॲडम्सच्या जुन्या साथीदाराच्या हाताची सफाई आपल्याला पहिल्या महिन्यात येणार नाही. सोपी आवृत्ती घ्या. डी पूर्ण धरा आणि एकेक तार वाजवा: चौथी, तिसरी, दुसरी, तिसरी, पहिली, तिसरी, दुसरी, तिसरी. एवर गेल्यावर सुरुवात पाचव्या तारेपासून करा, बाकी क्रम तोच. ध्वनिमुद्रणाची ही हुबेहूब नक्कल नाही, पण कॉर्ड तीच असल्यामुळे कुणाला खटकणार नाही. सूर एकमेकांत मिसळू द्या, बोटं उचलू नका.

पायरी ५ : मधला भाग, जिथे सगळे थांबतात

दुसऱ्या ध्रुवपदानंतर गाणं अचानक दुसऱ्याच घरात जातं. कॉर्ड्स येतात एफ, बी फ्लॅट, सी. पुस्तकी आकारात यातले पहिले दोन नवशिक्याला घाम फोडतात आणि बरेच जण इथे गिटार ठेवून नुसतं गातात.

इथेही पॉवर कॉर्ड कामाला येते:

एफ : १ ३ ३ × × ×
बी फ्लॅट : × १ ३ ३ × ×
सी : × ३ ५ ५ × ×

तिन्हींचा आकार एकच. एफवरून बी फ्लॅटवर जाताना तोच आकार एक तार खाली न्यायचा, फ्रेट तेच. बी फ्लॅटवरून सीवर जाताना त्याच तारांवर दोन फ्रेट पुढे सरकवायचा. बस. क्रम असा: एफ, बी फ्लॅट, सी, बी फ्लॅट, मग पुन्हा एफ, बी फ्लॅट, सी. त्या शेवटच्या सीवर 'काहीच कायम टिकत नाही' अशा अर्थाची ओळ ताणली जाते आणि तिथून थेट डीच्या रिफमध्ये उडी.

हा भाग इतका वेगळा का वाटतो? गाणं पांढरी दोनमध्ये आहे, म्हणजे पेटीच्या भाषेत डी हा सा. सा तिथेच ठेवून बघितलं तर एफ म्हणजे कोमल गंधार, बी फ्लॅट म्हणजे कोमल धैवत आणि सी म्हणजे कोमल निषाद. इतका वेळ बिलावलच्या शुद्ध स्वरांत चाललेलं गाणं घटकाभर आसावरी थाटाच्या स्वरांवर जाऊन येतं. आठवण सांगता सांगता माणसाचा चेहरा उतरावा, तसा हा बदल आहे. पेटी असेल घरात तर हे तीन स्वर एकदा दाबून बघा, मग ही जागा कधी चुकणार नाही.

सराव करताना या भागापासून सुरुवात करा, असं माझं आग्रहाचं सांगणं. पहिलं कडवं तर सगळ्यांचंच छान बसतं, कारण प्रत्येक वेळी सुरुवातीपासून वाजवून त्याचीच तालीम जास्त होते.

पायरी ६ : गाणं आणि वाजवणं एकत्र

लगेच गाऊ नका. आधी हात चालू ठेवून कुणाशी तरी गप्पा मारून बघा. ठेका न मोडता 'चहा झाला का' एवढं विचारता आलं तरी हात तयार झाला म्हणायचा. मग शब्द सूर न लावता ठेक्यात म्हणा, आणि नंतर गा.

शब्दांमधल्या काही गोष्टी अमेरिकेकडच्या आहेत. गिटार विकत घेतली ते दुकान म्हणजे किरकोळ वस्तू स्वस्तात विकणारं. दुसऱ्या कडव्यातलं ड्राइव्ह-इन म्हणजे गाडीत बसून बघायचा सिनेमा. वांद्र्यालाही एकेकाळी असं थिएटर होतं, जुन्या मुंबईकरांना विचारा.

मूळ पट्टी पुरुषांना चढी पडते. ॲडम्सचा आवाज वरच्या सुरांत खरखरीत होऊनही फाटत नाही, आपला फाटतो. यावर सोपा उपाय म्हणजे सगळ्या तारा एक-एक पूर्ण सूर उतरवायच्या. बोटं तीच ठेवून गाणं पांढरी एकमध्ये येतं. बाईच्या आवाजाला बहुतेक वेळा पाचव्या फ्रेटवर कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून बरं पडतं. डीचेच आकार धरून गाणं जीमध्ये, म्हणजे पांढरी पाचमध्ये जातं. सातव्या फ्रेटवर ते पांढरी सहामध्ये होईल. गाणाऱ्याला आधी विचारा आणि मग कॅपो लावा. उलटं केलं की वाद होतात.

दोन गिटार असतील तर दोघांनी एकच वाजवू नये. एकाने तळवा टेकवून ठेका धरायचा, दुसऱ्याने कडव्यात गप्प राहून ध्रुवपदात मोकळ्या कॉर्ड्ससकट यायचं आणि रिफ सांभाळायचा. गप्प राहणं हे त्यातलं अवघड काम आहे, ते अनुभवी माणसाकडे द्या.

पायरी ७ : शेवट कसा करायचा

ध्वनिमुद्रणात गाणं डी-एच्या फेऱ्यांवर हळूहळू विरत जातं. समोर बसून वाजवताना आवाज असा विरवता येत नाही, आणि इथेच चांगली चाललेली गाणी फसतात: गाणारा थांबतो, गिटार चालूच, ढोलकीवाला तिसरंच काही. म्हणून आधी ठरवा. शेवटची ओळ किती वेळा म्हणायची ते नक्की करा, चारदा म्हटलं तर चारदाच. शेवटच्या खेपेला एवरून डीवर सगळ्यांनी मिळून एकच फटका मारायचा. त्याच्या आधीच्या बारमध्ये गिटारवाल्याने गिटारची मान वर उचलून इशारा करायचा आणि बाकीच्यांनी तेवढ्यापुरतं तरी त्याच्याकडे बघायचं. श्रोते अजून गातच असतील, आणि गातीलच, तर फटका रद्द करून पुन्हा चार फेऱ्या. हेही आधी बोलून ठेवलेलं बरं.